उरलेला नमुना

"तीनशे सतरा," एमेशे म्हणाली, "आहे."

'आहे' म्हणजे जंतू सापडला. सकाळपासून दोघींचं हेच चाललं होतं. एमेशे संगणकाच्या पडद्यावर चढणारी हिरवी रेघ बघायची, नळीचा आकडा वाचायची आणि 'आहे' किंवा 'नाही' म्हणायची. वेतुरिया चौदा वर्षांपूर्वीची नोंदवही मांडीवर घेऊन त्या आकड्यासमोर लाल पेन्सिलीने खूण करायची. नोंदवहीत जिकडेतिकडे वेतुरियाचंच अक्षर होतं, बारीक, उजवीकडे कललेलं, आणि ओळीच्या शेवटी 'आढळला नाही' हे शब्द इतक्यांदा लिहिलेले की पुढे पुढे तिने त्यांचा नुसता एक फराटा करून टाकला होता. त्या एकशे चाळीस 'आढळला नाही'पैकी सहा आत्तापर्यंत 'आहे' निघाले होते. दर वेळी एमेशे खुर्चीतल्या खुर्चीत उसळायची, कारण तिची नवी पद्धत जिंकत होती, आणि वेतुरियाही तिच्याबरोबर हसली होती, सहाच्या सहा वेळा, अगदी मनापासून. कालच्या पोरीने आपल्या चुका काढाव्यात आणि आपल्याला आनंद व्हावा, याचा तिला स्वतःशी थोडा अभिमानही वाटला होता. सातव्या वेळी पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली.

"बाई, झाली का खूण?"

"थांब जरा. तीनशे सतरा का तीनशे अकरा? पुसट झालंय."

एमेशेने नळी उजेडात धरली. "सतराच. तुमचंच अक्षर आहे. तुमच्या सातच्या पोटात रेघ असते, अख्ख्या प्रयोगशाळेला माहीत आहे."

ती रेघ मुळात क्लाइनबाईंची. हेर्मिना क्लाइन, ब्राशोव शहरातल्या जुन्या जर्मन घरांपैकी एका घरातल्या, म्हाताऱ्या, कडक, कॉफीच्या नावाखाली भाजलेल्या जवाचं पाणी पिणाऱ्या. वेतुरिया चोविसाव्या वर्षी इथे लागली तेव्हा त्यांनी तिला हाताशी धरून सगळं शिकवलं. चीजचा पंचवीस ग्रॅमचा तुकडा तोलायचा, पोषक पाण्यात कुस्करायचा, दोन दिवस उबेत ठेवायचा म्हणजे त्यातले जंतू वाढतात. मग त्या पाण्याचा थेंब तारेच्या कडीने बशीतल्या खरवसासारख्या थरावर फराटायचा. दोन दिवसांनी बशीत काळे ठिपके उगवतात, पन्नास, शंभर, कधी मोजता येणार नाहीत इतके. लिस्टेरिया नावाच्या घराण्याचे हे ठिपके. पण घराण्यात दोघं भाऊ, एक निरुपद्रवी आणि एक घातकी, आणि त्या जुन्या बशीत दोघं दिसायला हुबेहूब सारखे. सगळ्यांची चौकशी करायला कुणाला वेळ आहे? पुस्तकात लिहिलं होतं, पाच उचला. पाच ठिपके उचलायचे, त्या पाचांच्या पुढच्या तपासण्या करायच्या, आणि पाचही जण निरुपद्रवी निघाले की लिहायचं, घातकी आढळला नाही. कुठले पाच, ते पुस्तकात नव्हतं. ते क्लाइनबाई सांगायच्या. "गोल बघायचा. नीटस बघायचा. एकटा उभा असलेला बघायचा. शेजाऱ्याला चिकटलेला ठिपका म्हणजे दोन घरच्या चहाड्या करणारा साक्षीदार, त्याचं काही खरं धरायचं नाही." वेतुरियाचा हात या कामात इतका बसला की बाहेरगावचे लोक तिच्या बशा बघायला यायचे. तिने उचललेले पाच ठिपके म्हणजे रांगेत उभी केलेली, केस विंचरलेली पोरं. आणि गेल्या वसंतात एमेशे बुडापेस्टहून शिकून आली आणि पहिल्याच आठवड्यात, काही वाईट हेतू मनात न ठेवता, म्हणाली होती, "पण बाई, घातकी भाऊ तर हळू वाढतो ना? तो बारका राहतो, दुसऱ्याला चिकटून. नीटस आणि एकटा असतो तो तर निरुपद्रवी. म्हणजे जितका हात सुबक, तितका तो सुटणार." वेतुरियाला ते पटलं होतं. पटलं म्हणजे डोक्याला पटलं होतं. हातापर्यंत ते आज आलं.

एमेशेची पद्धत अशी की ठिपके निवडायचेच नाहीत. सगळ्या पाण्यालाच विचारायचं. घातक्याच्या अंगात एक खूण असते जी त्याच्या भावात नसते. ती खूण पाण्यात कुठेही, कितीही थोडी असली तरी यंत्र तिच्या प्रती काढत जातं आणि पडद्यावर रेघ चढते. पद्धत खरी की खोटी हे ठरवायला जुने नमुने हवे होते, आणि ते होते, कारण क्लाइनबाईंची आणखी एक खोड होती. प्रत्येक नमुन्याचं बोटभर पाणी ग्लिसरीन घालून गोठवून ठेवायचं. कशाला, असं विचारलं तर म्हणायच्या, "आपल्यानंतर कुणीतरी आपल्यापेक्षा शहाणं येईल, त्याच्यासाठी." त्या जर्मनीत मुलाकडे गेल्या, तिथेच वारल्या, पण वेतुरिया पाणी गोठवत राहिली. तीनशे सतराचं पाणीही तिनेच गोठवलं होतं. म्हणजे घरातला साप तिनेच जपून फडताळात ठेवला होता, आणि वर नाव-आकडाही घातला होता.

"मार्च महिना," एमेशे वहीत डोकावत म्हणाली. "कच्च्या दुधाचं चीज, ब्राद झाडाच्या सालीत बांधलेलं. उरलेला नमुना, नष्ट केला. चला, हे बरं झालं. निदान कुणाच्या पोटात तरी गेलं नाही." मग तिचं बोट ओळीच्या अगदी टोकाशी गेलं. "हे पेन्सिलीने काय लिहिलंय? 'वे'?"

"मी. माझी खूण."

"कसली?"

"नष्ट करणाऱ्याची," वेतुरिया म्हणाली.

उरलेला नमुना नष्ट करावा असा नियम होता आणि तो कुणीही कधी पाळला नव्हता. दोन किलोच्या चीजमधून पंचवीस ग्रॅम काढायचे आणि बाकीचं जाळायचं, हे ज्या काळात चीजच्या रांगेत माणसं पहाटे चारला उभी राहायची त्या काळात कुणाला जमलं असतं? क्लाइनबाईंसारख्या क्लाइनबाई, त्यांनीही ते जमवलं नव्हतं. त्यांनी फक्त शिस्त लावली. निकाल येईपर्यंत उरलेला नमुना थंड कपाटात कुलपात. निकाल 'आहे' आला की भट्टीत. 'आढळला नाही' आला की ज्याची पाळी त्याने घरी न्यायचा, आणि वहीत शाईने 'नष्ट केला' लिहून पुढे पेन्सिलीने आपलं अक्षर टाकायचं, म्हणजे पाळीवरून भांडणं नकोत. पुढे दुकानं भरली, रांगा संपल्या, तरी पाळी सुटली नाही. उलट आता तिला एक वेगळाच मान आला. बाजारातलं चीज कोण जाणे कसलं. हे मात्र तपासलेलं. प्रयोगशाळेतल्या बायका शेजारणींना सांगायच्या, आमच्या घरात तपासल्याशिवाय काही शिजत नाही. वेतुरियाही सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची.

ती वही मिटून उठली. डोकं दुखतंय म्हणाली. एमेशेने तिला पाण्याचा पेला दिला, खिडकी उघडली, "उरलेल्या नळ्या मी करते, तुम्ही घरी जा" म्हणाली, आणि वेतुरियाला त्या मुलीच्या चांगुलपणाचा इतका राग आला की कोट घालताना बाही सापडेना. आतल्या खोलीत कुणीतरी बशा उकळत ठेवल्या होत्या. त्यांतल्या शिजलेल्या थराचा जुना, गोडसर, मांसाच्या पाण्यासारखा वास पस्तीस वर्षं तिच्या केसांत बसला होता, नवऱ्याने हयातभर त्यावरून तिला चिडवलं होतं, आणि तिला स्वतःला तो कधी आला नव्हता. आज आला.

बाहेर नोव्हेंबरची दुपार, धुकं टिंपाच्या डोंगरावरून खाली उतरून छपरांवर बसलेलं. तिने बस घेतली नाही. चालताना तिच्या लक्षात आलं की उजवा हात कोटाच्या खिशात तीन बोटं जुळवून बसला आहे, तार धरल्यासारखा. हाताला आठवत होतं. तीनशे सतराची बशी आठवणं शक्यच नव्हतं, अशा बशा तिने हजारोंनी बघितल्या होत्या. तरी आता ती तिला दिसत होती, डाव्या कडेला दाट गर्दी, उजवीकडे मोकळे ठिपके, पाच उचलून झालेले, आणि मग एक सहावा, बारका, एका गलेलठ्ठ ठिपक्याच्या कुशीत शिरलेला, आणि त्याच्यावर क्षणभर थांबलेली तार. थांबली होती का? की आत्ता, या फुटपाथवर, मन तो ठिपका बनवत होतं, म्हणजे निदान दोष द्यायला काहीतरी नेमकं मिळावं? ठरवता येईना. थांबली असेल तर ती गुन्हेगार, आणि थांबलीच नसेल तर? तर ती नुसती एक नीटनेटकी बाई, जिने पुस्तकाप्रमाणे पाच उचलले. यातलं कुठलं कमी वाईट, हे तिला सांगता येत नव्हतं, आणि दोन्हींच्या पलीकडे तिची लेक साबिना होती, आणि साबिनाचं पोट, सातव्या महिन्यातलं.

तेव्हा साबिना चोवीस वर्षांची होती आणि ईस्टरआधीचे सात आठवड्यांचे उपवास धरून बसली होती. चीज नाही, दूध नाही, अंडं नाही. घेवडा, बटाटे, आणि बरणीतलं वांग्या-मिरच्यांचं झाकुस्का. सासरची माणसं धार्मिक, नवऱ्याची, लिव्हिउची आई तर चर्चमधून उठायची नाही. वेतुरियाने एकदा जाऊन सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "पोटुशी बाईला उपास नसतो, खुद्द पाद्रीच सांगतात. बटाट्यांवर काय बटाटा जन्माला घालायचाय?" आणि पिशवीतून तो सालीत बांधलेला गोळा काढला होता. साल सोलताना राळेचा वास सुटला. बाकीचे उपासाला होते, त्यांनी हातही लावला नाही. साबिना म्हणाली, "आई, पण पोटुशीने असलं कच्च्या दुधाचं खाऊ नये म्हणतात." आणि वेतुरिया, स्वतःच्या हाताने तुकडा कापून तिच्यापुढे धरत म्हणाली होती, "बाजारातलं खाऊ नये. हे मी तपासलंय." मी तपासलंय. चालता चालता ती हे शब्द मोठ्याने बोलली असावी, कारण समोरून येणारी बाई तिच्याकडे बघून बाजूला झाली.

साबिनाने तो गोळा तीन आठवडे पुरवला, एकटीने. पवित्र आठवड्यात तिला इस्पितळात नेलं, आणि शुक्रवारी मूल मेलेलं जन्मलं. मुलगा. बाप्तिस्मा नाही, म्हणून घंटा नाही, प्रार्थना नाही. लिव्हिउ एक खोकं घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने आला. वेतुरिया इस्पितळाच्या हिरव्या भिंतीच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, आणि एकदाच, फक्त एकदाच, तिच्या मनात तो जंतूचा शब्द येऊन गेला. तिला चांगलं माहीत होतं की हा जंतू धडधाकट माणसाला शिवतही नाही आणि पोटुशी बाईच्या पोटात सरळ बाळापर्यंत जातो. दर वर्षी शेतकऱ्यांसमोर भाषण करताना ती हेच सांगायची. शब्द आला, आणि त्याच्यामागोमाग नोंदवहीतली ओळ आली, 'आढळला नाही', आणि तिने सुटकेचा श्वास टाकला. खरंच टाकला, नातू आत मेलेला असताना. मग कारण हवं होतं. कारण नसलेलं मरण तिच्या धंद्यात बसत नव्हतं. तिने लिव्हिउला विचारलं, सोमवारी काय केलंत, मंगळवारी काय केलंत, आणि तो बिचारा म्हणाला, काही नाही, ईस्टरची साफसफाई, गालिचे. तिथेच ती उसळली. "गालिचे! सातव्या महिन्यात गालिचे झोडपायला लावलेत तिला?" लिव्हिउ काहीतरी सांगू बघत होता. तिने सांगू दिलं नाही.

या शहरात प्रत्येक वसाहतीच्या अंगणात लोखंडाची एक चौकट असते, तिच्यावर गालिचे टाकून बायका-पुरुष वेताच्या झोडपण्याने धूळ काढतात, आणि ईस्टरच्या आधी तर आठवडाभर सगळ्या अंगणांतून तो धपधप आवाज येत असतो. चौदा वर्षं वेतुरियाला तो आवाज सहन झालेला नाही. तिने तो साबिनालाही सहन होऊ दिला नाही. दर ईस्टरला, कधी जेवताना, कधी फोनवर, कधी पाहुण्यांसमोर, एखादं वाक्य सुटायचंच: "तू आपली गालिच्यांपासून लांब राहा हो." किंवा नुसतं, "गालिचे झाले का?" आपण प्रेमाने म्हणतो असं तिला वाटायचं. साबिना विषय बदलायची. दुसरं मूल झालं नाही. लिव्हिउ पाच वर्षांनी तिमिशोआराला नोकरीसाठी गेला तो तिथलाच झाला. साबिना ट्रॉलीबस चालवायला लागली. आणि वेतुरियाने मनाशी एक गोष्ट पक्की बांधून ठेवली होती: पोरीने हट्टाने गालिचे झोडपले, त्यात बाळ गेलं, त्यात संसार गेला, आणि तरी आईने तिला कधी टाकलं नाही. किती उदार आई! एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, नाकाचा शेंडा थंडीने लाल, टोपी तिरकी, आणि तिला स्वतःची किळस आली. अगदी तशी, जशी बशीवर बुरशी दिसली की येते.

न सांगता येईल का? हा विचारही आलाच. ती काही देवी नव्हती. नळीवर आकडा होता, नाव नव्हतं; एमेशेला कळणार नव्हतं; लेख छापून येईल, त्यात लिहिलेलं असेल की एकशे चाळीसपैकी इतके नमुने जुन्या पद्धतीतून निसटले, लोक माना हलवतील. आणि नळीत जंतू होता म्हणून त्यानेच बाळ नेलं असं तरी कुठे सिद्ध झालं? इतक्या वर्षांनी कुणीच ते सिद्ध करू शकत नाही. ती पुलाजवळ थांबली. गालिच्यांबद्दल तिने कुठे सिद्ध करायला मागितलं होतं? तिथे तिला एका नमुन्याचीही गरज पडली नव्हती. आणि ज्या पोरीने चौदा वर्षं उशीला डोकं टेकताना 'मी मारलं' असं म्हटलं असेल, तिच्या अंगावरून ते ओझं काढून घेणं एवढंच आता आईच्या हातात होतं. मग साबिना ओरडेल, हाकलून देईल, पुन्हा तोंड बघणार नाही. ठीक आहे, तेही होऊ दे. निदान ती मोकळी होईल. या विचाराने वेतुरियाला चालायला बळ आलं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं बरंही वाटलं. मोठ्या मनाने काहीतरी द्यायला निघालेल्या माणसाला वाटतं तसं.

साबिना पहिल्या पाळीवरून नुकतीच घरी आली होती. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिने पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडले होते. दिवसभर ट्रॉलीबसची पेडलं दाबून तिच्या घोट्यांना सूज यायची. दार उघडंच होतं.

"आई? आज गुरुवारी? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग कोट काढ. दारात उभी राहून काय बघतेस, तिकीट तपासायला आल्यासारखी? कोबीचं सूप आहे, गरम करून घे."

वेतुरियाने कोट काढला नाही. खुर्चीच्या कडेवर बसली. येताना तिने वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून आली ती प्रयोगशाळेतलीच. नवी पद्धत आली आहे, जुनं पाणी गोठवलेलं होतं, त्यातल्या काही नळ्यांत, म्हणजे नमुना क्रमांक तीनशे सतरा, मार्चमधला, जुन्या बशीत दोन भाऊ ओळखू येत नाहीत, पाचच उचलायचे असतात...

"आई, मला नळ्या-बिळ्या कळत नाहीत. सरळ बोल."

"ते चीज. उपासांत मी तुला आणलं होतं ते. सालीतलं." वेतुरिया टेबलाकडे बघत म्हणाली. "त्यात होता तो जंतू. मी नाही लिहिलं, पण होता. गालिच्यांनी काही झालं नाही, साबी. तू काहीच केलं नव्हतंस. मी केलं."

साबिनाने एक पाय पाण्यातून काढला, टॉवेलने पुसला, बोटांच्या बेचक्या पुसल्या. मग दुसरा.

"हो," ती म्हणाली.

वेतुरियाला वाटलं तिला कळलंच नाही. "अगं, मी काय सांगत्येय..."

"ऐकलं मी. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. इस्पितळात तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. रक्तात सापडला म्हणाल्या. नाव सांगितलं, तुझ्याच तोंडी लहानपणापासून ऐकलेलं नाव. विचारलं, कच्च्या दुधाचं चीज खाल्लं होतंस का? मी नाही म्हटलं."

"का?" वेतुरियाने विचारलं. "का नाही म्हटलंस?"

"तू बाहेर होतीस. तुझा आवाज आत येत होता. लिव्हिउला गालिच्यांवरून झापत होतीस, तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, गालिचे तर गालिचे. हिला ते चालतंय."

"पण म्हणून काय तू... सातव्या महिन्यात तू गालिचे झोडपलेसच ना?"

साबिना हसली. त्या हसण्यात काही आनंद नव्हता. "लिव्हिउने झोडपले. मला दोन दिवस ताप होता, मी पांघरूण घेऊन खिडकीत बसले होते आणि वरून त्याला ओरडत होते की कडेला धूळ राहिलीय. तू विचारलंस कुठे? तेव्हा नाही, नंतर नाही. चौदा वर्षांत एकदासुद्धा नाही, की साबी, गालिचे तूच झोडपलेस का गं."

रस्त्यावरून एक ट्रॉलीबस गेली, तारांचा किरकिर आवाज खिडकीपाशी येऊन पुढे सरकला. वेतुरियाने टेबलाची कड धरली होती. देण्यासाठी म्हणून ती जे घेऊन आली होती ते इथे आधीपासूनच होतं, झिजलेलं, रोजच्या वापरातलं. ओझं होतं, पण ते पोरीने स्वतःच्या चुकीचं म्हणून वाहिलंच नव्हतं. तिने आईचं वाहिलं होतं.

"मग तू मला सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं मी तुला..."

"पहिलं वर्षभर तुझी कीव आली. हिला कळलं तर ही परत त्या बशांना हात लावायची नाही, आणि हिला दुसरं येतं तरी काय, असं वाटायचं. मग पुढच्या ईस्टरला तू माझ्या सासूसमोर म्हणालीस, 'हिच्या गालिच्यांनी माझा नातू नेला.' आठवतं?"

वेतुरियाला आठवत नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर होतं.

"त्या दिवशी कीव संपली. तेव्हा ठरवलं, सांगायचंच नाही. वाट बघायची. म्हटलं, शोधणं हेच हिचं काम आहे, लोक हिचे हात बघायला येतात. कधीतरी मान वळवेल, माझ्याकडे बघेल, आणि शोधेल." तिने टॉवेलची घडी केली, पुन्हा उलगडली. "आज शोधलंस."

वेतुरियाला 'हो' म्हणता आलं असतं. साबिनाच्या चेहऱ्यावर ती वाट बघणं अजून होतं, चौदा वर्षांचं, थकलेलं, आणि एका 'हो'ने ते संपलं असतं. पोरीला तेवढं तरी मिळालं असतं की आईने शेवटी शोधलं.

"मी नाही शोधलं," वेतुरिया म्हणाली. "एमेशेने शोधलं. माझ्याकडे नवीन एक मुलगी आहे. ती नसती तर मला मरेपर्यंत कळलं नसतं."

साबिनाने टॉवेल तोंडावर धरला आणि ती रडायला लागली, इस्पितळात रडली नव्हती तशी, लिव्हिउ गेला तेव्हा रडली नव्हती तशी, खांदे गदागदा हलवत, लहान मुलासारखा आवाज काढून. वेतुरिया कोटातच बसून राहिली. टेबलाच्या पलीकडे जायला दोन पावलं पुरली असती, पण कुणीतरी बोलावल्याशिवाय ती टाकायची कशी हे तिला कळेना, आणि साबिना तिला बोलावत नव्हती.